मांजर आणू का?

सोनागिरी, भोपाळ
११ नोव्हेंबर २०२४

रत्ना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. भांडण उकरायला लिहीत नाहीये, तेव्हा फाडायच्या आधी निदान पुढची ओळ वाच. साधा प्रश्न आहे. हो किंवा नाही, एवढंच कळव.

मी घरात मांजर आणू का?

हसू नकोस. उंदीर झालेत. आधी माळ्यावर होते, आता स्वयंपाकघरात उतरलेत. पिंजऱ्यात भजं लावलं तर भजं गायब आणि उंदीर पसार. इथले उंदीरही पेन्शनीत निघालेले दिसतात, कशाची घाई नाही आणि कोणाची भीती नाही.

तर कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी एक नंबर टाकला होता, मांजरं फुकट मिळतील म्हणून. मी फोन लावला. चांगल्या शुद्ध हिंदीत म्हटलं, "हमें एक बिल्ली का पिल्ला चाहिए." पलीकडे नुसती खुदखुद. मग ती मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही मराठी आहात ना? पिल्ला म्हणालात तिथेच समजलं. इकडे पिल्ला कुत्र्याचा असतो. बिल्लीचा बच्चा असतो." घ्या! जन्म गेला भोपाळात, कारखान्यात शेकडो माणसांवर हिंदीतून ओरडलो, आणि म्हातारपणी पिल्लाने घात केला. तू असतीस तर तुला हसायला आठवडाभर पुरलं असतं.

मुलीचं नाव गौरी. ग्वाल्हेरची आहे. तिची मराठी म्हणजे कानाला चिमटाच. "देऊन देऊ" म्हणते, "पूछून घ्या" म्हणते. अरेरा कॉलनीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, रस्त्यावरची आणि लोकांनी टाकलेली मांजरं सांभाळते, आणि चांगलं घर मिळालं की देते. पैसे घेत नाही, पण अटी ऐक. मी आयुष्यभर इन्स्पेक्शनमध्ये दुसऱ्यांचा माल पास-नापास केला, आता ही पोरगी मला तपासणार.

उंदरांसाठी म्हणून मांजर मिळणार नाही. "बिल्ली म्हणजे पिंजरा नाही काका." घर बघायला ती स्वतः येणार. आणि घरात जितकी माणसं असतील तितक्या सगळ्यांचा होकार पाहिजे. नाहीतर चार दिवसांनी कोणीतरी म्हणतं मला खपत नाही, आणि मांजर परत येतं. परत आलेलं मांजर म्हणे जेवत नाही.

मग तिने विचारलं, घरात कोण कोण असतं?

मी म्हटलं, दोघं. मी आणि बायको.

सवयीने गेलं तोंडातून. "मग काकूंना फोन द्या," म्हणाली. मी म्हटलं, त्या पुण्याला गेल्यात, लेकीच्या बाळंतपणाला. ते बाळ आता घरभर धावतंय आणि शमिकाचा मोबाइल पाण्यात टाकतंय, हे काही मी सांगितलं नाही. येतील लवकरच, म्हटलं. ती म्हणाली, "मग पूछून घ्या आणि मला सांगा."

म्हणून पूछतोय. पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सायीच्या पातेल्यात तोंड घालणाऱ्या बोक्यामागे तू अनवाणी, केरसुणी घेऊन, फाटकापर्यंत धावली होतीस हे मी विसरलेलो नाही. समोरच्या घरातले लोक खिडकीत येऊन बघत होते. तेव्हा तुझं उत्तर काय असेल ते सांगायला ज्योतिषी नको. तरी तुझ्या तोंडून आलेलं बरं.

थंडी सुरू झाली आहे. गुडघा ठीक आहे. बाळाला आशीर्वाद.

नीळकंठ

सोनागिरी
२५ नोव्हेंबर

रत्ना,

शमिका म्हणाली, आईने पत्र वाचलं आणि मेथी निवडायला बसली. पुढे काय, तर म्हणे मेथी निवडून झाली. मुलगी आपली दोघांची, पण वकीलपत्र तिने तुझंच घेतलंय. असो.

मांजरं बघून आलो. बघायला काय हरकत आहे, होकार नंतर आला तरी चालेल, असं गौरीच म्हणाली. हबीबगंजपर्यंत बसने गेलो. स्टेशनचं नाव बदलून इतके दिवस झाले, पण कंडक्टर अजून हबीबगंजच ओरडतो, आणि उतरणारेही तेवढंच ओळखतात.

मी आपला नेहमीच्या पद्धतीने गेलो. आधी नुसतं लांबून बघायचं, मग हातात घेऊन बघायचं. डोळे, कान, हिरड्या, चाल. गौरीला वाटलं मला मांजरांची माहिती आहे. मी म्हटलं, मला टर्बाइनच्या पात्यांची माहिती आहे, पण तडा कुठे असतो ते सगळीकडे सारखंच. हसली.

एक पांढरंशुभ्र पिल्लू होतं, निळ्या डोळ्यांचं. बघितल्याबरोबर कोणीही उचलून घरी नेईल असं. मी त्याच्या मागे उभा राहून टाळी वाजवली. कान हलला नाही. पुन्हा वाजवली. नाही. म्हटलं, बहिरं आहे, नापास. गौरीचं तोंड एवढंसं झालं. "काका, बहिरं आहे, खराब नाही." दोन पिवळी होती, एका आईची, ती जोडीनेच देते. एकटा बच्चा रिकाम्या घरात रडतो म्हणे. "तुमच्याकडे दिवसभर कोणी असतं ना?" मी म्हटलं, दोघंही असतो, रिटायर माणसं, जाणार कुठे.

शेवटी एक मोठं मांजर. करडं, पट्ट्यापट्ट्यांचं, मांजरी आहे, पाच-सहा वर्षांची असेल. कानाचं टोक कापलेलं. ती ऑपरेशन झाल्याची खूण असते, हे मला तिथे कळलं. वरचा एक सुळा तुटका. तिच्या माणसांची रायपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये भरलं, फ्लॅटला कुलूप घातलं, आणि ही राहिली जिन्यात. नवे भाडेकरू आले ते हिला हाकलायचे, ही परत त्याच दारात. कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं म्हणतात. हिचं दोन्ही गेलं.

माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी खुर्ची जवळ ओढली तरी वळली नाही. गौरी म्हणाली, हात नुसता पुढे करून ठेवा, बोलू नका. ठेवला. खांदा भरून आला. मग तिने हळूच मान वळवली, बोटं हुंगली, आणि परत पाठ केली. तेवढ्याने गौरी खूश! म्हणे एवढंही ती कोणासाठी करत नाही.

चहा झाला. गौरीने विचारलं, घर स्वतःचं का? मी म्हटलं हो, रिटायर झालो तेव्हा घेतलं. "मग काकूंनीच पसंत केलं असेल. घर तर बायकाच पसंत करतात." मी म्हटलं, चहा छान झालाय, आलं कुठून आणतेस?

नवीन माणसाने मोठं मांजरच घ्यावं असं तिचं मत आहे. पिल्लाला रोज नवं खेळणं लागतं, मोठ्याला नुसती ऊन पडणारी खिडकी पुरते. आपल्या पुढच्या खोलीत ऊन येतं. ऊन यावं म्हणूनच तर मी हे घर घेतलं होतं, पण ते तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस.

करडीला आणखी दोघं बघून गेलेत. तेव्हा लवकर कळव. हो की नाही?

नीळकंठ

सोनागिरी
४ डिसेंबर

रत्ना,

काल गॅसकांडाची सुट्टी होती, तेव्हा गौरी घर बघायला आली. मी सकाळपासून झाडून-पुसून ठेवलं होतं. तिने गॅलरीला जाळी आहे का बघितलं, खिडक्यांच्या कड्या बघितल्या, मांजराच्या शी-शूसाठी मातीचा ट्रे कुठे ठेवाल विचारलं. मी बाथरूमशेजारचा कोपरा दाखवला. तिथे तुझं शिवणयंत्र होतं ते सरकवून ठेवलंय, चिंता नको, वर चादर घातली आहे.

मग स्वयंपाकघरात आली. रॅकवर एक ताट, एक वाटी, एक पेला. मी पटकन दुसरा कप शोधायला लागलो, तर त्याच्यावर धूळ. टेबलाजवळ बसायला गेली, तर तुझ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग. तिने ढीग उचलायला हात घातला. मी म्हटलं राहू दे, राहू दे, मी स्टूल आणतो. ती स्टुलावर बसली आणि रॅकवरच्या त्या एका ताटाकडे बघत राहिली. 

"काकू कधी गेल्यात?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं. कुठल्या दिवाळीनंतर ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "घर पास आहे काका. फक्त काकूंची हो आली की बिल्ली देऊन देऊ." मुद्दामच म्हणाली. पोरगी बिलंदर आहे.

आता खरं सांगतो, रत्ना. उंदरांचं औषध दुकानात पन्नास जातींचं मिळतं. मला मांजर नकोच होतं. मला तुझं ‘नाही’ हवं होतं.

कुत्रा आणू का विचारलं असतं तर तू गप्प बसली असतीस. पोपट म्हटलं असतं तरी बसली असतीस. पण मांजर म्हटल्यावर तू उसळशील, फोन उचलशील, ओरडशील, "माझ्या घरात मांजर येणार नाही!" असं वाटलं. तेवढे दोन शब्द मला ऐकायचे होते. माझ्या घरात. मग मी म्हणणार होतो, बरं बाई, नाही आणत, तू ये. असा माझा बेत. लहान मुलासारखा आहे, मला कळतं, पण दुसरा काही सुचला नाही.

एकटं फार वाटतं गं. संध्याकाळचं काय करायचं ते कळतं, दिवे लागले की मीच टीव्ही लावतो. दुपारचं कळत नाही. जेवण होतं, ताट घासून होतं, आणि मग चार वाजेपर्यंत या घरात काही म्हणजे काही होत नाही. परवा मी उंदराची खुडबुड ऐकत बसलो होतो, आणि ती थांबली तेव्हा मला वाईट वाटलं.

आता पंचाईत अशी झालीय की ती करडीही मनात बसली आहे. बाजारात गेलो की मासळीवाल्याकडे उगाच भाव विचारतो. मी! ज्याने तुला घरात सुकट आणू दिली नाही!

तेव्हा तू नाही म्हण. नाही म्हण आणि ये. मी मांजराचं नाव काढणार नाही.

नीळकंठ

पुणे
१३ डिसेंबर

तिन्ही पत्रं पोचली. तुमचं अक्षर अजून चांगलं आहे.

उत्तर, हो. मांजर आणा.

तुम्हाला हवं होतं ते ‘नाही’ माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पहिलं पत्र वाचल्या वाचल्या मी शमिकाला म्हटलंच, "काही नको मांजर-बिंजर, सोफ्याची लक्तरं करेल." ती म्हणाली, "कुणाच्या सोफ्याची, आई?" मग मी मेथी घेऊन बसले. इतके दिवस उत्तर आलं नाही ते तेवढ्यासाठीच. रागाने नाही. विचार करत होते, कुणाच्या सोफ्याची.

नाही म्हणायला त्या घरात राहावं लागतं. मी राहत नाही आणि येणारही नाही. हे मी फोनवर सांगू शकले नसते, तुम्ही मध्ये बोलला असतात आणि मी रडले असते, म्हणून फोन उचलत नव्हते.

ऊन येतं हे ऐकून घेतलं नाहीस म्हणता. मला सांगितलंत कधी? किल्ली हातावर ठेवलीत, पेढा तोंडात घातलात, आणि म्हणालात, चल, घर झालं. तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी मी पुण्याला राहायला जायचं म्हणून भांडी बांधायला काढली होती. तुम्हाला दिसली नव्हती का? दिसली होती. तुम्ही विचारलंत, ही भांडी का काढलीस, आणि मी म्हटलं, घासायला. आपल्या दोघांचंही तोंड त्या दिवशी शिवलेलं होतं, एकट्या तुम्हाला दोष देत नाही. पण माझ्या आठवणीत तुम्ही मला विचारून केलेली ही पहिलीच गोष्ट. तीही त्या मुलीने अडवलं म्हणून. देव तिचं भलं करो.

मला इथे बरं आहे. सकाळी बागेत चार बायका भेटतात. भाजीवाल्याशी मी मराठीत भांडते, आणि तो मराठीत उलट बोलतो. तुम्हाला ती गंमत कळणार नाही, तुम्हाला भोपाळ मानवलं. मला नाही मानवलं. वाईट गाव नाही ते, पण माझं नाही. आणि तुम्हाला तिथून उपटून इथे आणलं तर तुम्ही इथे वाळाल, म्हणून या असंही म्हणत नाही.

करडीलाच आणा. तीन पत्रांत तुम्ही एवढं कौतुकाने कोणाबद्दल लिहिलं नाहीत. मांजराला दूध घालू नका, मोठ्या मांजराला पचत नाही म्हणे, शमिकाने बघून सांगितलं. माशाचं तुमचं तुम्ही ठरवा. गुडघ्याला तेल लावा, नुसतं ठीक आहे लिहू नका.

रत्नप्रभा

सोनागिरी
२९ डिसेंबर

रत्ना,

तुझं पत्र मिळालं. लगेच लिहायला बसलो होतो, जमलं नाही. दोन-तीन कागद फुकट गेले. एकात तर नुसतेच तुझ्या चुका काढल्या होत्या, तो चुलीत घालावा असा होता, पण चूल कुठली, गॅस आहे, म्हणून फाडला.

चार दिवस घराबाहेर पडलो नाही. मग एक दिवस दाढी केली आणि अरेरा कॉलनीत गेलो. गौरीला म्हटलं, काकूंची हो आली. ती टाळी पिटून उडालीच. "अरे वा! मग काकू कधी येतायत?"

तिथे मला येतील म्हणता आलं असतं. दूधवाल्याला मी अजून हेच सांगतो, मॅडम गाँव गई हैं. पण तुझं पत्र खिशात होतं.

मी म्हटलं, "येणार नाहीत. मी एकटाच राहतो."

हे मी मोठ्याने प्रथमच म्हटलं. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. खाली रस्त्यावर सिलिंडरची गाडी वाजत होती. गौरी म्हणाली, "मला समजलं होतं काका. त्या दिवशी किचनमध्येच समजलं होतं." मग ती म्हणाली, "पण मग काकूंची हो लागतच नव्हती. घरात जितके लोक, तितक्यांचीच लागते. तुमची हो आहे का?"

बघ, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःलाही नाही. पहिल्या पत्रात उंदीर, तिसऱ्यात तू.  करडी खिडकीत पाठ करून बसलेली. तिला काय, ती कोणाच्या होकाराची वाट बघत नव्हती, तिची वाट बघून जिन्यातच झाली होती. मी हो म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण दोन पिवळी पलंगाखाली पळाली.

पिशवीतून आणली, ऑटोने, मांडीवर धरून. सोनागिरी येईपर्यंत ओरडत होती. ऑटोवाला म्हणाला, साब, बिल्ली रास्ता काट दे तो लोग रुक जाते हैं, आप तो साथ में बैठा के ले जा रहे हो. मी म्हटलं, भैया, अब जो कटना था कट गया, तुम चलो.

पहिले काही दिवस शिवणयंत्राच्या मागे बसून होती. मी बाहेर गेलो की जेवायची. मी पण मग जेवण वाढून उगाच गेटपर्यंत चक्कर मारून यायचो. आता बाहेर येते, उन्हात झोपते, माझ्या अंगाला अंग लावत नाही पण त्याच खोलीत बसते. दुपारी तिच्या झोपेचा आवाज येतो, बारीक, घोरल्यासारखा. उंदरांना मात्र तिच्याकडून काडीचा त्रास नाही. एक तिच्यासमोरून गेला तर तिने बघितलं आणि जांभई दिली. औषध आणावंच लागणार.

नाव मी मनी ठेवलं. मनी, ये ये, म्हटलं तर कानाचं टोकसुद्धा हलत नाही. मी घाबरलो, म्हटलं हीही बहिरी की काय, टाळी वाजवायची आपण विसरलो. गौरीला फोन केला. ती म्हणाली, "अहो तिचं नाव छुटकी आहे. आणि मराठी तिला कुठून येणार काका, रायपूरला गेलेल्या तिवारींकडची आहे ती." छुटकी, आ जा, म्हटल्याबरोबर शेपटी वर करून आली. काय करता! आता तिच्याशी हिंदीत बोलतो. चल, खाना खा ले. इधर मत चढ़. घरात मराठीच बोलायचं असा तुझा कायदा होता, शमिका शाळेतून येऊन "भूख लगी" म्हणाली की तुला ऐकूच यायचं नाही. तो कायदा आता मीच मोडतोय, आणि दंड करायला कोणी नाही.

काल संध्याकाळी लक्षात आलं की अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द गेला नव्हता. दूधवाला हिंदी, औषधवाला हिंदी, मांजर हिंदी. म्हटलं, बोलून तर बघू. सोफ्यावर बसून मोठ्याने काहीतरी म्हणायला गेलो, तर तोंडातून आलं, "रत्ना, चहा टाक गं." छुटकीने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. थोडा वेळ वाट बघितली आणि परत झोपली.

म्हणून हे लिहायला बसलो. विचारायचं असं काही नाही.

नीळकंठ